हाक मारायला शब्द किती लागतात?

"ताई, मला प्रार्थना येत नाही." मंडळीत नव्याने येऊ लागलेल्या कुणाशी मनमोकळं बोलणं झालं, की थोड्या वेळाने हे वाक्य येतंच. घरगुती प्रार्थनेला दहा-बारा जण सतरंजीवर बसलेले असतात. एकामागून एक प्रार्थना करतात. एखादे वयस्कर काका डोळे मिटून दहा मिनिटं बोलतात, वचनामागून वचन त्यांच्या तोंडून सहज येत जातं. मग शेजारी बसलेल्या नव्या माणसाची पाळी येते आणि त्याचा घसा कोरडा पडतो. घरी गेल्यावरही तो एकटा बसतो, डोळे मिटतो, दोन वाक्यं बोलतो आणि पुढे काय म्हणावं ते सुचत नाही. आपली श्रद्धाच कमी असावी, अशी त्याची समजूत होते.

मीही त्या सतरंजीवर तशीच बसले आहे. पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं ते एवढंच: "प्रभू, तू आहेस ना." आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, ती माझी खरी प्रार्थना होती. नंतर मी जे लांबलचक बोलायला शिकले, त्यातलं पुष्कळसं इतरांचं ऐकून उचललेलं होतं.

म्हणून हा लेख, ज्यांना दोन वाक्यांपुढे सुचत नाही त्यांच्यासाठी. त्या दोन वाक्यांपुढे जायची घाई करू नका. ती नीट म्हणायला शिका.

आधी थोडं शास्त्र उघडू

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय. रात्रीची वेळ, सरोवरावर वादळ. पेत्र पाण्यावरून येशूकडे चालत निघतो, वारा पाहून घाबरतो आणि बुडू लागतो. तेव्हा तो ओरडतो, "प्रभूजी, मला वाचवा." मूळ ग्रीकमध्ये तीन शब्द आहेत आणि मराठीतही नेमके तीनच. बुडणाऱ्याला चौथ्या शब्दाइतका श्वास नसतो. पुढच्याच ओळीत येशू तत्काळ हात पुढे करून त्याला धरतो. प्रार्थना नीट मांडली होती का, आधी स्तुती केली होती का, हे कुणी विचारत नाही.

गणना या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात मिर्यामेला कोड उठतं. तिचा भाऊ मोशे देवाला हाक मारतो: हे देवा, तिला बरी कर. इब्री भाषेत ही प्रार्थना पाच शब्दांची आहे, अक्षरं मोजली तर अकरा. हाच मोशे लोकांच्या पापासाठी देवापुढे चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पडून राहिला होता, असं अनुवाद या पुस्तकात लिहिलं आहे. म्हणजे त्याला लांब प्रार्थना येत नव्हती असं नाही. आजारी बहिणीसाठी त्याला पाच शब्द पुरले. आणि हेही सांगायला हवं की मिर्याम त्यानंतरही सात दिवस छावणीबाहेर राहिली. प्रार्थना पाच शब्दांची होती म्हणून वाट पाहणं टळलं नाही.

कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपार टळेपर्यंत ओरडत राहिले. देवाचा संदेष्टा एलीया याची प्रार्थना दोन ओव्यांत संपते (1 राजे 18:36–37). लूकच्या 18व्या अध्यायातला जकातदार तर वर बघायलाही धजत नाही, छाती बडवून म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तो नीतिमान ठरून घरी गेला, असं येशू सांगतो.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने स्पष्ट म्हटलं आहे की फार बोललो म्हणजे ऐकलं जाईल असं समजू नका. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. आणि लगेच पुढे तो प्रभूची प्रार्थना शिकवतो. ती सावकाश म्हटली तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात होते.

धावा

चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती साधू टोपल्या विणत, चटया वळत आणि काम करता करता लहान लहान प्रार्थना करत. त्यांच्यातल्या मकारियसला कुणी विचारलं, प्रार्थना कशी करावी? तो म्हणाला, लांब बोलायची गरज नाही, हात पसरा आणि म्हणा, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे आणि तुला ठाऊक आहे त्याप्रमाणे दया कर." झगडा वाढलाच तर म्हणा, "प्रभू, साहाय्य कर." त्याला काय हवं ते तो जाणतो.

या साधूंची कीर्ती उत्तर आफ्रिकेत बिशप ऑगस्टिनपर्यंत पोहोचली होती. 410मध्ये रोम लुटलं गेल्यावर प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा आफ्रिकेत आश्रयाला आली होती. तिने त्याला प्रार्थनेविषयी विचारलं, तेव्हा 412च्या सुमारास त्याने तिला मोठं पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की इजिप्तचे बंधू वारंवार पण अगदी थोडक्यात प्रार्थना करतात, भाला फेकावा तशी झटकन. कारण लांबवलं की मनाची जाग मंदावते. फार बोलणं वेगळं आणि मनाला फार वेळ ओढ असणं वेगळं, हेही तो तिथेच सांगतो. मला हे वाक्य अतिशय महत्त्वाचं वाटतं. ओढ तासभर असू द्या, शब्द चारच असू द्या.

त्याच काळात जॉन कॅसियनने इजिप्तमध्ये ऐकलेली शिकवण आजच्या फ्रान्समधल्या मार्सेय इथे नेली. त्याने एकच ओळ सदासर्वकाळ जवळ ठेवायला सांगितली: 70व्या स्तोत्राची पहिली. देवा, मला सोडव, माझ्या मदतीला त्वरा कर, असा तिचा भाव आहे. आजही कॅथलिक मठांतून दिवसाच्या प्रार्थनांची सुरुवात याच ओळीने होते. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत लिहिलं, प्रार्थना लहान आणि निर्मळ असावी, देवाच्या कृपेने लांबली तर गोष्ट निराळी.

ऑगस्टिनला भाला आठवला. आपल्या मराठीत याहून जवळचा शब्द आहे: धावा. "देवाचा धावा केला" असं आपण म्हणतो. त्या शब्दात "धाव" ही हाकच आहे. घर पेटलेलं असताना कुणी निबंध वाचत नाही. तो "धावा, धावा" ओरडतो आणि शेजारी हातातलं टाकून पळत येतात. 70वं स्तोत्र म्हणजे असा धावा आहे. पेत्राची हाक धावा आहे. मराठी माणसाला ही प्रार्थना नव्याने शिकवावी लागत नाही, ती त्याच्या भाषेतच आहे.

पहिली पायरी: कोणाला हाक मारता ते ठरवा

"देवा", "बापा", "हे प्रभू येशू", "परमेश्वरा", "आमच्या स्वर्गातील पित्या". यातलं जे नाव तुमच्या तोंडी आपसूक येतं ते घ्या आणि निदान काही दिवस तेच ठेवा. येशूने पित्याला "अब्बा" म्हटलं. तो त्याच्या घरातल्या अरामी बोलीतला शब्द होता, मंदिरातला भारदस्त शब्द नव्हे. तुम्ही घरी वडिलांना "बाबा", "आप्पा", "दादा" म्हणत असाल आणि प्रार्थनेत तोच शब्द ओठांवर आला, तर लाजू नका. उलट वडिलांची आठवण दुखरी असेल आणि "बापा" म्हणताना घसा दाटत असेल, तर "प्रभू" म्हणा. तो ऐकतो तेच. अशी अडचण पुष्कळांना असते, बोलतात फार थोडे.

नवे लोक मला आणखी एक विचारतात: देवाला "तू" म्हणायचं की "आपण"? मराठी पवित्र शास्त्रात एक सुंदर गोष्ट दिसते. गालीलात येशूबरोबर चालणारे शिष्य त्याला आदराने "प्रभूजी, वाचवा" म्हणतात. पण स्वर्गातल्या पित्याला प्रार्थना करताना "तुझे नाव पवित्र मानले जावो" असं "तू" येतं. मराठीत आईला आपण "तू" म्हणतो, आणि त्यात आदर कमी नसतो. म्हणून "तू" म्हणा. ज्यांना ते जड जातं त्यांनी "आपण" म्हणावं, काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: एकच गोष्ट सांगा, आणि ती खरी सांगा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं इथेच आहे. लहान प्रार्थना लहान असल्यामुळे जोरकस होत नाही. तिच्यात लपायला जागा उरत नाही, म्हणून होते. दहा मिनिटांच्या प्रार्थनेत मी देशासाठी, मंडळीसाठी, सेवकांसाठी मागू शकते आणि सकाळी जावेशी झालेलं भांडण सहज वगळू शकते. एकच वाक्य म्हणायचं असेल तर मला निवडावं लागतं. निवडताना मनात सगळ्यात वर काय आहे ते कळतं.

म्हणून डोळे मिटण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता, या क्षणी, मला खरं काय होतंय? उत्तर येईल ते जसंच्या तसं बोला.

"प्रभू, मला त्याचा राग आलाय."
"बापा, महिनाअखेर आहे, पैसे पुरत नाहीत."
"येशू, मला भीती वाटते रिपोर्टची."
"देवा, आज फार बरं वाटलं."

यातल्या पहिल्या तीन वाक्यांत मागणं नाहीच, हे लक्षात आलं का? ते चालतं. काना गावच्या लग्नात मरीया येशूला एवढंच सांगते की त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. लाजराच्या बहिणी निरोप धाडतात तो असा: ज्याच्यावर आपली प्रीती आहे तो आजारी आहे. "लवकर या" नाही, "बरं करा" नाही. ज्याच्या प्रेमाची खात्री आहे त्याला परिस्थिती सांगितली की पुरतं. काय करायचं ते त्याच्यावर सोडायला या दोन्ही घरांतल्या बायका मला शिकवतात.

अर्धवट विश्वासही बोलून दाखवता येतो. मार्कच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एकाच दमात दोन्ही. त्याचा मुलगा बरा झाला. "माझा विश्वास पक्का झाला की मग प्रार्थना करीन" म्हणणाऱ्यांना मी हे वचन आवर्जून वाचून दाखवते.

माझ्या आजीची प्रार्थना होती, "प्रभू, हात लाव." नगर जिल्ह्यातलं खेडं, विहीर लांब. भरलेली घागर डोक्यावर घेताना बाई दुसरीला म्हणते ना, "हात लाव गं", तेच. पहाटे आसपास कुणी नसलं की आजी ते प्रभूला म्हणायची आणि घागर उचलायची. पुढे नळ आला, घागर गेली, पण शब्द राहिले. सुनेचं बाळंतपण, आजोबांचं आजारपण, शेताचा वाद, सगळ्याला तीच प्रार्थना. त्यात किती होतं बघा: ओझं माझं आहे, उचलणार मीच आहे, पण एकटीने उचलणार नाही. मला लहानपणी वाटायचं आजीला नीट प्रार्थना येत नाही.

तुमच्या बोलण्यातला असा एखादा शब्द असेल. तो शोधा. छापील मराठीत प्रार्थना करायलाच हवी असं नाही. अहिराणीत करा, मालवणीत करा, वसईच्या सामवेदीत करा, घरात बोलता तशी करा.

तिसरी पायरी: थांबा

बोलून झालं की लगेच उठू नका. "आमेन" म्हणा. हा इब्री शब्द आहे, "हे खरं आहे, असंच होवो" असा त्याचा अर्थ. मग दोन-तीन श्वास नुसते बसा. काही ऐकू येईल, अंगावर काटा येईल, अशी अपेक्षा धरू नका. बहुतेक वेळा काहीच होत नाही. हाक मारल्यावर माणूस दाराकडे बघतो, तेवढंच हे थांबणं.

चौथी पायरी: दिवसाला खुंट्या मारा

"निरंतर प्रार्थना करा" असं पौल थेस्सलनीकाच्या लोकांना लिहितो. नोकरी, लोकल, शाळेचा डबा सांभाळून हे कसं करायचं? वाळवंटातल्या साधूंचा उपाय इथे कामी येतो: कामाच्या मध्ये मध्ये, थोडं थोडं. पण "आठवेल तेव्हा करीन" म्हटलं तर आठवत नाही. म्हणून रोज होणाऱ्या दोन-तीन गोष्टींना एकेक वाक्य टांगून ठेवा.

चहाचं आधण ठेवताना. जिना उतरताना. मुलाला शाळेच्या फाटकात सोडून त्याची पाठ दिसत असताना (ही माझी सगळ्यात आवडती जागा, तिथे शब्द शोधावे लागत नाहीत). साहेबांच्या केबिनचं दार ढकलण्याआधी. ज्याच्याशी बोलणं अवघड जातं त्याचा फोन वाजत असताना, उचलण्याआधी. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचे. भांड्यांच्या खडखडाटात आणि वेदीपुढे गुडघे टेकून, दोन्हीकडे देव त्यांना सारखाच जवळ वाटायचा.

कॅथलिक वाचकांना ही खुंटी आयतीच मिळालेली आहे. क्रुसाची खूण करताना म्हणायचे शब्द ही स्वतःच एक पूर्ण प्रार्थना आहे. हात सवयीने फिरतो. एकदा मुद्दाम सावकाश करून बघा.

पहिल्या आठवड्यात एकच खुंटी पुरे. सात-आठ ठरवल्या की तिसऱ्या दिवशी सगळ्याच सुटतात, हा माझा आणि पुष्कळांचा अनुभव आहे.

पाचवी पायरी: भाता भरलेला ठेवा

लहान प्रार्थनेचं कौतुक ऐकून काही जण सकाळची शांत वेळ सोडून देतात. तसं करू नका. नहेम्याची गोष्ट त्यासाठी नीट वाचा.

नहेम्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. किसलेव महिन्यात त्याला बातमी कळली की यरुशलेमेचा कोट पडलेला आहे आणि वेशी जळाल्या आहेत. तो रडला, उपास केला, आणि पहिल्या अध्यायात त्याची भलीमोठी प्रार्थना आहे. चार महिने गेले. नीसान महिन्यात तो राजाला द्राक्षारस देत असताना राजाने विचारलं, तुझा चेहरा का उतरला? नहेम्या म्हणतो, मी फार घाबरलो. राजाने पुढे विचारलं, तुझी विनंती काय आहे? आणि मग हे वाक्य येतं: मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो.

राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर, यांच्यामध्ये किती वेळ असेल? एका श्वासाचा. त्या प्रार्थनेचे शब्द लिहूनसुद्धा ठेवलेले नाहीत. पण तो एक श्वास चार महिन्यांच्या रडण्यातून आलेला होता. राजाने परवानगी दिली, आणि पुढे कोट 52 दिवसांत बांधून झाला.

म्हणून रोज दहा मिनिटं एका जागी बसा. एक स्तोत्र वाचा. 117वं दोनच ओव्यांचं आहे, 131वं आणि 134वं तीन-तीन ओव्यांची. तिथून सुरुवात करा, मग 23, 121, 130. वाचताना जी अर्धी ओळ मनाला टोचेल किंवा धीर देईल ती उचला आणि दिवसभर तीच तुमची प्रार्थना. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या एखाद्या गीताचं ध्रुपद घेतलंत तरी चालेल. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंगांच्या चालीत गीतं दिली आहेत. भाकरी थापताना गुणगुणता येईल अशी एक ओळ तुम्हाला त्यांत नक्की सापडेल.

तेच तेच म्हटलं तर?

"येशूने निरर्थक बडबड करू नका म्हटलं आहे, मग एकच वाक्य पुन्हापुन्हा कसं म्हणायचं?" हा प्रश्न रास्त आहे. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तिसऱ्या वेळी तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय लिहितो. यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय "दया करा" म्हणून ओरडत होता. लोकांनी दटावलं तेव्हा तो आणखी मोठ्याने तेच ओरडला. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी या आंधळ्याचे आणि त्या जकातदाराचे शब्द जोडून एक प्रार्थना शतकानुशतकं जपली आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." पुष्कळ जण ती श्वासाच्या लयीत म्हणतात, श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा. रात्री झोप उडालेली असताना ही पद्धत मला फार उपयोगी पडली आहे.

ज्यांच्या घरी नामस्मरण होतं, ते विचारतात की हे तसंच का. ओठांची सवय तुमच्या ओळखीची असेल आणि ती मदतच करेल. ख्रिस्ती प्रार्थनेत मात्र संख्या मोजायची नाही. शंभरदा म्हटल्याने देव शंभरपट जवळ येत नाही. तो येशूमध्ये आधीच जवळ आलेला आहे, ही आमची श्रद्धा आहे. मूल आईला पुन्हापुन्हा हाक मारतं ते हिशेबाने नव्हे.

चारचौघांत पाळी आली तर

आता त्या सतरंजीकडे परत येऊ. तुमचं नाव घेतलं गेलं, सगळ्यांनी डोळे मिटले. तीन वाक्यं पुरतात: हाक, एक उपकार, एक मागणं. "प्रभू येशू, आज आम्हाला एकत्र आणलंस म्हणून तुझे आभार. या घरातल्या आजारी बाळाला बरं कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन." झालं. कुणी वेळ मोजत नाही. मोजत असेल तर ती त्याची अडचण आहे. आधीच्या माणसाची वळणं उचलू नका, प्रार्थनेतून कुणाला उपदेश करू नका, आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट प्रार्थनेत जाहीर करू नका. हे शेवटचं मी फार कळकळीने सांगते, कारण त्यामुळे माणसं मंडळीपासून दुरावलेली मी पाहिली आहेत.

बोलायला जमणारच नसेल, तर "मी मनात करते" असं सांगा. हन्ना मंदिरात मनात प्रार्थना करत होती, फक्त तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं ती प्यायलेली आहे. देवाला मात्र ऐकू गेलं.

आजाऱ्याकडे गेलात तर आधी विचारा, "प्रार्थना करू का?" हो म्हटलं तर हात हातात घ्या आणि एकच वाक्य बोला. वेदनेतल्या माणसाला लांब ऐकण्याची ताकद नसते. बरं होण्याचं वचन स्वतःच्या पदरचं देऊ नका, "तुमचा विश्वास कमी पडला" असं तर कधीच म्हणू नका, आणि औषध बंद करायला सांगू नका. प्रार्थना करा, मग दवाखान्यात डबा कोण नेणार ते ठरवा.

उत्तर आलं नाही तर

पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला. उत्तर मिळालं ते असं, की माझी कृपा तुला पुरे आहे. येशूचा दुःखाचा प्याला टळला नाही. मी ज्या भावासाठी दवाखान्याच्या जिन्यावर बसून "प्रभू, हात लाव" म्हणत रात्र काढली, तो वाचला नाही. त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडे प्रार्थना म्हणून फक्त "का?" एवढाच शब्द होता. मी तोच म्हणत राहिले. 22व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत तोच शब्द आहे आणि वधस्तंभावर येशूने तेच म्हटलं, हे मला तेव्हा पाळकसाहेबांनी दाखवलं. दुसरं काही समजावायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आणि तो एक शब्दही निघत नसेल तेव्हा? रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात पौल लिहितो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. अशा दिवशी नुसतं बसा. कण्ह येईल ती येऊ द्या.

आज रात्रीपासून

सुरुवात रात्रीने करणं सोपं जातं, कारण तेव्हा कुणी बघत नसतं. वधस्तंभावर प्राण सोडताना येशूच्या ओठांवर 31व्या स्तोत्रातली एक ओळ होती. आपला आत्मा तो पित्याच्या हाती सोपवत होता. मंडळीने ती ओळ झोपण्याआधीच्या प्रार्थनेसाठी कित्येक शतकं वापरली आहे. दिवा मालवा, अंगावर पांघरूण घ्या आणि दिवसातली एकच गोष्ट आठवा, जी उचलून उचलून खांदा दुखतोय. मग म्हणा, "बापा, तुझ्या हाती." वाक्य अर्धवट राहून झोप लागली, तर लागू द्या.